शितावरून भात, शब्दावरून मत

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत दौंड तालुक्याने ७ मे रोजी मतदान केले आणि भीमेपलीकडच्या शिरूर तालुक्याने १३ मे रोजी. दौंड बारामती मतदारसंघात, शिरूर स्वतःच्या नावाच्या मतदारसंघात. म्हणून चौफुल्याहून न्हावऱ्याकडे निघालेला माणूस नदीवरचा पूल ओलांडला की मतदान झालेल्या मुलखातून मतदान व्हायच्या मुलखात शिरत होता. दोन्ही काठांवर ऊस तोच, सोयरीक एकमेकांत, आणि निवडणुकीच्या दिवसांत पारावर, हॉटेलात, बाजारच्या एसटीत विचारला जाणारा प्रश्नही तोच: ‘कोण येतंय?’ लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२६अ मतदानोत्तर चाचण्यांचे आकडे अखेरचा टप्पा संपून अर्धा तास उलटेपर्यंत प्रसिद्ध करू देत नाही. ते कलम वाहिन्यांना बांधते. दौंडच्या पाहुण्याने शिरूरच्या पाहुण्याला फोनवर सांगितलेल्या ‘वातावरणा’ला बांधत नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवताना हीच गोष्ट महिनोन्‌महिने चालते. एक राज्य आधी मत देते, दुसरे त्याचा निकाल पाहून नंतर. मधल्या काळात चाचण्यांचे आकडे आणि वजनदार नेत्यांचे जाहीर पाठिंबे येतच राहतात. आपल्याकडे ती रीत रुजली नाही. काँग्रेसने २०१४ च्या लोकसभेआधी लातूर आणि वर्ध्यासह देशातल्या मोजक्या मतदारसंघांत पदाधिकारी-कार्यकर्त्यांच्या मतदानाने उमेदवार ठरवून पाहिला, पण त्या प्रयोगाची रीत झाली नाही. तरीही भीमेकाठच्या त्या सहा दिवसांत शिरूरचा मतदार नेमक्या त्याच जागी उभा होता: दुसऱ्यांचा कल कानावर आलेला, थोरामोठ्यांचे पाठिंबे जाहीर झालेले, आणि आपले मत अजून द्यायचे राहिलेले. कल आणि पाठिंबा या दोन गोष्टी माझ्या मताला प्रमाण होऊ शकतात का? हा प्रश्न राजकारणाचा समजला जातो. मला तो त्याआधी तत्त्वज्ञानाचा वाटतो, आणि आपल्या परंपरेने त्याचे साहित्य कधीच तयार करून ठेवले आहे.

शंकराचार्यांचे मत, रामानुजांचे मत असे आपण म्हणतो तेव्हा मत म्हणजे विचारान्ती धरलेली, आणि वादात राखता येईल अशी भूमिका. मतपेटीत पडते त्यालाही आपण मतच म्हणतो. हा योगायोग असेल, पण तो आपल्यावर एक जबाबदारी टाकतो. भूमिकेला आधार लागतो, आणि आधार कोणता चालेल याची चर्चा न्यायदर्शनाने फार बारकाईने केली आहे. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे नैयायिक मानतात. या चौकटीत बसवून पाहिले तर जनमत चाचणी हे अनुमान ठरते आणि नेत्याचा पाठिंबा हे शब्दप्रमाण. दोन्हींना आपल्या परंपरेत मान आहे; नैयायिकांनी ती खोटी म्हणून टाकून दिलेली नाहीत. मात्र दोन्हींना अटी आहेत. निवडणुकीच्या दिवसांत आपण प्रमाणे घेतो आणि अटी विसरतो.

चाचणीचे तर्कशास्त्र मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण आणि संस्कृतातला स्थालीपुलाकन्याय म्हणजे नमुना-पाहणीचे मूळ तत्त्व. एक शीत दाबून पाहिले की भांड्यातला सगळा भात शिजला की नाही ते कळते. पण हे खरे ठरते ते तांदूळ एका जातीचा, पाणी सारखे आणि जाळ सगळीकडे लागलेला असेल तर. शिरूर लोकसभा मतदारसंघात जुन्नर, आंबेगाव, खेड-आळंदी आणि शिरूर यांच्या जोडीला भोसरी आणि हडपसर आहेत. कांद्याच्या चाळी, रांजणगावची कारखानदारी आणि शहरातल्या गृहसंकुलांची दाटी एकाच पातेल्यात आहेत, आणि जाळ प्रत्येकाखाली वेगळा. १ जून २०२४ च्या संध्याकाळी बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी रालोआला देशभरात साडेतीनशेच्या पुढे जागा दिल्या. ४ जूनला २९३ मिळाल्या. महाराष्ट्रात महाविकास आघाडीने ४८ पैकी ३० जागा घेतल्या. साडेपाच महिन्यांनी विधानसभेला त्याच राज्यात महायुतीचे तीन मुख्य पक्ष मिळून २८८ पैकी २३० जागांवर निवडून आले. चाचण्या चुकतात, हे सांगण्यासाठी एवढे पुरे आहे. पण माझा मुद्दा त्या चुकण्यावर उभा नाही. उद्या एखादी चाचणी तंतोतंत बरोबर येऊ लागली तर माझा प्रश्न सुटणार नाही, उलट अधिक गंभीर होईल.

कारण शिताला आपली परीक्षा झाल्याचे कळत नाही. एक शीत शिजले म्हणून बाकीचा भात स्वतःला शिजलेला समजू लागत नाही. मतदार मात्र ऐकतो, आणि ऐकून बदलतो. पावसाचे भाकीत केल्याने पाऊस बदलत नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, तिच्यात पाऊस, पीक आणि राजाची गादी या सगळ्यांचे भाकीत एकाच मांडणीतून काढतात. पाऊस-पिकापुरते ते भाकीत बाहेरच्या जगाविषयी असते. गादीविषयी बोलू लागताच ते ऐकणाऱ्यांविषयीच होऊन बसते, कारण गादी त्यांनीच ठरवायची असते. आपण निवडणुकीच्या निकालाला ‘जनतेचा कौल’ म्हणतो, त्या शब्दातही ही गाठ आहे. कोकणातल्या देवळात कौल लावतात, गोव्यात प्रसाद घेतात. तिथे माणूस विचारणारा असतो आणि उत्तर देणारा देव. निवडणुकीत उत्तर देण्याची जागा माणसाला मिळाली. कौल हा शब्द मुळात अरबी, अर्थ दिलेला शब्द किंवा वचन. मराठेशाहीत सरकार रयतेला कौलनामा द्यायचे, जमीन कसा, तुम्हाला उपद्रव होणार नाही असे अभय द्यायचे. लोकशाहीने त्या कागदाची दिशा उलटवली, आता रयत कौल देते. ज्याला ही जागा मिळाली त्यानेच ‘कौल काय लागतोय’ असे विचारत फिरावे, हे गाभाऱ्यातल्या मूर्तीने बाहेर येऊन रांगेत उभे राहण्यासारखे आहे.

आता पाठिंब्याकडे वळतो, कारण शिरूर आणि दौंडच्या अनुभवात खरे शिकण्यासारखे तिथे आहे. न्यायसूत्रांत शब्द म्हणजे आप्ताचा उपदेश. वात्स्यायनाने भाष्यात आप्त कोणाला म्हणावे ते सांगितले: ज्याने वस्तू जशी आहे तशी जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो. ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांना हे लक्षण सारखेच लागू आहे असेही त्याने म्हणून ठेवले. जात, कुळ, गाव यांचा त्यात संबंध नाही. मराठीत मात्र आप्त शब्दाचा अर्थ नातलग असा झाला. आपल्या भागातल्या निवडणुकीचा सगळा गुंता मला या अर्थबदलात दिसतो. नेत्याने व्यासपीठावरून पाठिंबा जाहीर केला की तो आप्ताचा शब्द म्हणून फिरतो, पण तो पहिल्या अर्थाने आप्त आहे की दुसऱ्या, हे कुणी तपासत नाही. शिवाय शब्द नुसता सांगितला जात नाही, ‘दिला’ जातो. ‘साहेबांनी शब्द दिलाय’ याचा अर्थ साहेबांनी आपले ज्ञान सांगितले असा नसतो. साहेबांनी लोकांची मते देऊ केली असा असतो. आपण मतदान म्हणतो, आणि दानाविषयी धर्मशास्त्राचा पहिला नियम असा की ज्यावर आपले स्वत्व आहे तेच देता येते. दुसऱ्याचे मत देऊ करणारा नेता नसलेली वस्तू दान करत असतो.

२०२४ साली मतदारांनीच हे दाखवून दिले. शिरूर मतदारसंघातल्या सहा आमदारांपैकी पाच, म्हणजे आंबेगावचे दिलीप वळसे पाटील, खेडचे दिलीप मोहिते, जुन्नरचे अतुल बेनके, हडपसरचे चेतन तुपे आणि भोसरीचे महेश लांडगे, महायुतीच्या बाजूला होते. शरद पवारांच्या बाजूला एकटे शिरूरचे अशोक पवार. महायुतीचे उमेदवार शिवाजीराव आढळराव पाटील स्वतः या भागातून तीन वेळा खासदार झालेले. तरी शरद पवारांच्या बाजूचे अमोल कोल्हे १,४०,९५१ मतांनी निवडून आले. २०१९ मध्ये त्यांचे मताधिक्य ५८,४८३ होते. बारामतीतही सहापैकी चार आमदार महायुतीकडे, त्यांत दौंडचे राहुल कुल. सुप्रिया सुळे १,५८,३३३ मतांनी जिंकल्या, आणि आघाडी मिळालेल्या तालुक्यांत दौंडही होता. एवढ्यावर ‘मतदाराने पुढाऱ्यांना धडा शिकवला’ असे लिहून मोकळे होणे सोपे आहे, पण नोव्हेंबर तसे करू देत नाही. विधानसभेला त्याच दौंडने राहुल कुल यांना पुन्हा निवडले, आणि शिरूरमध्ये अशोक पवार यांना ज्ञानेश्वर कटके यांनी सत्तर हजारांहून अधिक मतांनी हरवले. मे महिन्यात एकट्याने एका बाजूला उभे राहून ज्यांची बाजू जिंकली, तेच सहा महिन्यांनी स्वतःच्या तालुक्यात हरले. यातून मला एवढेच निघताना दिसते की मत ही नेत्याच्या गोदामात साठवलेली आणि हवी तेव्हा गाडीत भरता येणारी वस्तू नाही. शब्दप्रमाण अपुरे पडले तेव्हा लोकांनी प्रत्यक्षाकडे पाहिले. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली, ती ४ मे २०२४ ला, निर्यातशुल्क आणि किमान दराच्या अटींसह, खुली झाली. चाळीतला कांदा पाहण्यासाठी शेतकऱ्याला आमदाराचा शब्द लागत नव्हता. जुलैपासून लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार रुपये जाहीर झाले. खात्यावर आलेली रक्कम पाहायलाही कुणाचा शब्द लागत नव्हता. या दोन प्रत्यक्षांचे नैतिक मोल सारखे की निराळे यावर वाद होऊ शकतो, आणि तो व्हायला हवा. तो वाद मतांविषयीचा खरा वाद ठरेल. ‘पाच आमदार ज्या बाजूला, मी त्या बाजूला’ यावर वाददेखील होऊ शकत नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. प्रत्येक मतदाराने अर्थसंकल्प वाचावा, निर्यात धोरण समजून घ्यावे, उमेदवाराची शपथपत्रे चाळावीत, ही अपेक्षा अवास्तव आहे. आपण आजारी पडल्यावर वैद्यकशास्त्र शिकत नाही, डॉक्टरांवर विश्वास टाकतो. तसाच राजकारण जाणणाऱ्यावर टाकला तर बिघडले कुठे? मी म्हणेन, काहीच बिघडले नाही, आप्ताच्या दोन्ही अटी पुऱ्या होत असतील तर. २०२० मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात उमेदवारीच्या मतदानाला तीन दिवस राहिले असताना खासदार जिम क्लायबर्न यांनी जो बायडेन यांना पाठिंबा दिला, आणि त्यानंतर बायडेन यांची घसरलेली मोहीम उभी राहिली. तिथल्या कृष्णवर्णीय मतदारांना क्लायबर्न यांचा नागरी हक्कांच्या चळवळीपासूनचा इतिहास ठाऊक होता. हा माणूस काय जाणतो आणि कुणासाठी बोलतो हे तपासायला त्यांच्याजवळ अर्धे शतक होते. डॉक्टरवरचा विश्वासही असाच असतो: तो चुकला तर दुसऱ्याकडे जाता येते, आणि दुसऱ्याकडे गेलो म्हणून पहिला आपले पाणी तोडत नाही. ज्याच्या हातात उसाची तोड कधी मिळणार, सोसायटीचे कर्ज कधी मंजूर होणार, कालव्याचे आवर्तन कुणाच्या शेताला आधी पोहोचणार हे असते, त्याचा शब्द ज्ञान म्हणून येत नाही. तो आज्ञेच्या जवळ जातो. आज्ञेचे पालन कधी कधी शहाणपणाचे असते, पण त्याला प्रमाण म्हणता येत नाही, आणि त्यातून निघालेल्याला मत म्हणणे कठीण आहे.

दुसरा आक्षेप फळाचा. ‘मत वाया घालवू नका’ हे वाक्य प्रत्येक निवडणुकीत ऐकू येते आणि त्यात सरळ हिशेब आहे: सर्वाधिक मते घेणारा निवडून येणार असेल तर ज्याला संधीच नाही त्याला मत देऊन नावडत्याचा रस्ता का मोकळा करावा? यासाठी कोण शर्यतीत आहे हे कळायला हवे, आणि ते चाचणीवाचून कळत नाही. हा हिशेब मी नाकारत नाही. दोन वाइटांतले कमी वाईट निवडणे हाही विवेकच आहे. पण त्यात चाचणीची जागा साधनाची आहे. नावडता कोण आणि का, हे आधीच ठरलेले असते आणि ते चाचणी सांगू शकत नाही. ‘वाया’ ही कल्पनाच तपासून पाहा. २०१९ च्या विधानसभेला दौंडमध्ये राहुल कुल यांनी रमेश थोरात यांना अवघ्या ७४६ मतांनी हरवले. दोन्ही बाजूंना लाखाहून अधिक मते होती. आता, निकाल फिरवते तेच मत सार्थकी लागले असे म्हणायचे तर तिथेही कुणाचे एकट्याचे मत सार्थकी लागले नाही, कारण एकाने दिशा बदलली असती तरी निकाल बदलला नसता. मग शिरूरच्या १,४०,९५१ च्या मताधिक्यातली मते तर पूर्ण वायाच म्हणावी लागतील, आणि ती जिंकलेल्याची होती! ज्या मोजमापाने विजेत्याचीही मते वाया ठरतात ते मोजमाप चुकलेले आहे. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त पाश्चात्त्य सुखवादाशी वाद घालताना कर्माची परीक्षा केवळ बाह्य परिणामावरून न करता कर्त्याच्या बुद्धीवरून करावी, ही बाजू लावून धरली. फळाचा विचार करू नये, असे ते म्हणत नव्हते. फळ आपल्या एकट्याच्या हाती नसते आणि बुद्धी मात्र असते, एवढ्या साध्या भेदावर त्यांचा भर होता. मतदानाइतके त्याचे स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. माणूस एकटा नसतो. गाव बसून ठरवते, समाज एकत्र येऊन ठरवतो, त्यातून दुबळ्यांना बळ मिळते. एकेकट्या विवेकाचा आग्रह धरणारा माणूस बहुधा आधीच सुरक्षित असतो. यात तथ्य आहे, आणि इतरांचा कल कळल्याने माणूस मोकळा होऊ शकतो याचा मोठा दाखलाही आहे. २००८ च्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेतल्या अनेक कृष्णवर्णीय मतदारांना बराक ओबामा हवे होते, पण गोरे लोक त्यांना मत देतील यावर विश्वास बसत नव्हता. ३ जानेवारीला बहुतांश गोऱ्या आयोवा राज्यात ओबामा जिंकले आणि तो अविश्वास गळून पडला. इथे दुसऱ्यांच्या कलाने भीती दूर केली. मत आधीच मनात होते, त्याला वाट मिळाली. म्हणून मी चाचण्यांवर बंदी मागत नाही. पण भीती घालवणारे ज्ञान आणि मत पुरवणारे ज्ञान यांत फरक आहे, आणि एकत्र बसून विचार करणे आणि एकमेकांकडे पाहून हात वर करणे यांतही आहे. फ्रेंच गणिती काँदोर्से याने १७८५ मध्ये दाखवून दिले की प्रत्येक जण स्वतंत्रपणे निर्णय करत असेल आणि चुकण्यापेक्षा बरोबर असण्याकडे त्याचा थोडा जरी कल असेल, तर माणसे वाढतील तसा बहुमताचा निर्णय बरोबर असण्याचा संभव वाढत जातो. सगळा भार ‘स्वतंत्रपणे’ या शब्दावर आहे. हजार जणांनी एकाकडे पाहून मत दिले तर ते एकच मत हजारदा मोजले जाते. म्हणजे बहुमताला जे मोल आहे ते बहुमताकडे न पाहणाऱ्यांनी दिलेले आहे. तुकोबांच्या एका प्रसिद्ध अभंगात हाच विचार आहे: खऱ्याखोट्याच्या निवाड्यासाठी ते आपल्या मनालाच साक्षीला बोलावतात, माणसे किती हे मोजत बसत नाहीत. त्यांची पालखी दरवर्षी यवत आणि वरवंडला मुक्काम करत, रोटी घाट चढून, दौंड तालुक्यातून पुढे जाते. वारीइतका मोठा समुदाय आपल्याकडे नाही, आणि तो ज्यांच्या नावाने चालतो त्या संताने निवाडा मात्र समुदायावर सोडला नाही. समूहात राहणे आणि समूहाला प्रमाण मानणे या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे त्याहून ठळकपणे कुठे दिसणार?

‘कोण येतंय?’ या प्रश्नाची रचनाच पाहा. पाऊस येतो, पूर येतो, पाहुणे येतात, तसा खासदार ‘येतो’. आणणारा त्या वाक्यात कुठे नाही. विचारणारा स्वतः मतदार असूनही तो घाटावर उभा राहून नदीचे पाणी किती चढले ते पाहावे तसा बोलतो, आणि त्या पाण्यात तो स्वतःही आहे हे विसरतो. मी उद्या काय करीन याचे भाकीत करणे आणि मी काय करावे हे ठरवणे ही दोन कामे एका मनाला एका क्षणी करता येत नाहीत. पहिले करू लागलो की मी माझाच प्रेक्षक होतो. अद्वैत वेदान्तात साक्षीभावाला फार मोठे स्थान आहे, पण तो साक्षी फळापासून अलिप्त असतो. इथला प्रेक्षक अलिप्त नाही, तो जिंकणाऱ्याच्या बाजूला सापडण्यासाठी धडपडतो. साक्षीची अलिप्तता नाही आणि कर्त्याची जबाबदारीही नाही, अशी ही मधलीच अवस्था आहे.

एवढे मान्य केले तर त्यातून एक व्यवहाराची मागणी निघते, आणि ती मतदाराच्या मनोधैर्यावर ढकलून चालणार नाही. व्हीव्हीपॅटच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि खाली पडते. तेवढा वेळ माणूस खरोखर एकटा असतो. मतदान गुप्त राखण्याची हमी कायदा देतो. पण मतमोजणीनंतर ‘फॉर्म २०’ मध्ये प्रत्येक बूथवर कुणाला किती मते पडली ते प्रसिद्ध होते, आणि हजार-बाराशे मतदारांच्या बूथमागे बहुधा एखादे गाव, एखादी वस्ती, एखादी आळी असते. कुणी ‘लीड’ दिली, कुणी नाही, याचा हिशेब त्या कागदावरून होतो, आणि ज्याने शब्द दिला होता त्याला तो पाळला गेला की नाही हे दुसऱ्या दिवशी कळते. एकेकाचे मत झाकलेले राहते, गावाचे उघडे पडते. निवडणूक आयोगाने २००८ मध्ये टोटलायझर नावाच्या यंत्राचा प्रस्ताव मांडला होता: चौदा बूथची मते एकत्र मिसळून मोजायची, म्हणजे एका गावाचा कल वेगळा दिसणार नाही. विधी आयोगाने मार्च २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. तो कायद्यात आला नाही. बूथनिहाय आकडे असतील तर पक्षांना काम कुठे कमी पडले ते कळते, गैरप्रकार पकडता येतात, असे त्याविरुद्ध सांगितले जाते, आणि ते खोटे नाही. तरी यवत, वरवंड, पाटस, केडगावची मते एका बेरजेत मिसळली, न्हावरे आणि तळेगाव ढमढेरेची एका बेरजेत मिसळली, तर पक्षाच्या कार्यालयाला जेवढे नुकसान होईल त्यापेक्षा, ज्याची उसाची तोड अजून व्हायची आहे त्या शेतकऱ्याला होणारा लाभ मला कितीतरी मोठा वाटतो.